खेळगडी, सालगडी, सवंगडी : दोघांच्या तगखेळाची मीमांसा

१

मराठीत ‘गडी’ हा शब्द तीन ठिकाणी राबतो. तो खेळात असतो. तेथे तो डावात उतरतो, बाद होतो, पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. तो शेतात असतो. गुढीपाडव्याला ज्याचे साल ठरते तो सालगडी, आणि त्याच्या वर्षभराच्या अंगमेहनतीचा सौदा त्या एका दिवशी पुरा होतो. सोबतीच्या अर्थानेही तो ‘सवंगडी’ या शब्दात ऐकू येतो. खेळणारा, राबणारा आणि सोबत करणारा ही तीन माणसे भाषेने एका शब्दाच्या आसपास वसवली आहेत. इतर व्यवहारांत त्यांची फारकत झालेली दिसते. खेळणारा राबत नाही, राबणाऱ्याला खेळायला सवड नसते, आणि सोबत ही या दोन्ही व्यवहारांत उपलब्ध झाली तर लाभणारी गोष्ट असते.

गेल्या दीड दशकात संगणकाच्या पडद्यावर एक क्रीडाप्रकार रूढ झाला आहे. त्यात ही तिन्ही माणसे पुन्हा एकत्र येतात. खेळणाऱ्याला एका अनोळखी भूमीवर रिकाम्या हाताने सोडले जाते. लाकूड तोडणे, दगड फोडणे, त्यांतून अवजार घडवणे, अवजाराने निवारा उभारणे, अन्न मिळवणे, रात्र पार करणे एवढेच त्याचे काम. मारावयाचा ठरावीक शत्रू नाही, सोडवावयाची राजकन्या नाही. तग धरणे हेच उद्दिष्ट. या प्रकाराला मराठीत नाव नसल्याने येथे ‘तगखेळ’ हा शब्द वापरला आहे. माइनक्राफ्ट (पहिले सार्वजनिक रूप २००९, पूर्ण आवृत्ती २०११), डोंट स्टार्व्ह (२०१३) आणि त्याचे बहुखेळाडू रूप डोंट स्टार्व्ह टुगेदर (२०१६), व्हॅलहाइम (२०२१) ही त्याची ठळक उदाहरणे. यांतील बहुतेक खेळ एकट्याने खेळता येतात, तसेच दोघांनी मिळूनही. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या शक्यतेपुरते, म्हणजे एका जोडीदारासह खेळल्या जाणाऱ्या तगखेळापुरते मर्यादित आहे.

या विवेचनाची कसोटी म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुका समोर ठेवला आहे. ही निवड वरवर विक्षिप्त वाटेल. पण तिला कारण आहे. तगखेळाची सारी सामग्री, म्हणजे बी, सरपण, भूक, अंधार, जंगली जनावर आणि हाताशी असलेले दुसरे माणूस, ही शहरी खेळणाऱ्याच्या लेखी रूपकांची सामग्री असते. राळेगावच्या कापूसपट्ट्यात ती रूपके नाहीत. एखाद्या कलाप्रकाराने जे रूपक म्हणून उचलले ते जेथे अक्षरशः जगले जाते, तेथे नेऊन तो प्रकार वाचला म्हणजे त्याने काय घेतले आणि काय वगळले हे स्वच्छ दिसू लागते.

२

खेळाच्या सिद्धान्ताने श्रमाला दाराबाहेर ठेवले आहे. योहान हुइझिंगा यांनी १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाला दैनंदिन व्यवहारापासून वेगळ्या काढलेल्या, भौतिक लाभाशी संबंध नसलेल्या अवकाशात बसवले. रॉजे केय्वा यांनी १९५८ मध्ये ही मांडणी पुढे नेताना खेळ अनुत्पादक असतो हे त्याचे एक व्यवच्छेदक लक्षण मानले आणि खेळांची चतुर्विध विभागणी केली : स्पर्धेचे, दैवाचे, सोंगाचे आणि घेरीचे. या चार घरांत तगखेळ नीट बसत नाही. जोडीदाराशी त्याची स्पर्धा नाही. दैवाचा भाग आहे, पण तो मुख्य नाही. सोंग आहे, पण ते घेऊन करावयाचे काय, तर काम. आणि घेरीच्या नेमके उलट, त्यात कमालीची सावध गणना आहे. या विभागणीत सहकार्याला स्वतंत्र घर नाही. स्पर्धेच्या घरात संघाच्या रूपाने ते राहते, परंतु तेथे त्याचे प्रयोजन दुसऱ्या संघाला हरवणे हे असते.

तगखेळाचा विरोधाभास असा की त्याचा सारा आशय श्रमाचा आहे आणि तरी तो अनुत्पादक आहे. दोन माणसे रात्रभर बसून भिंत बांधतात. सकाळी प्रत्यक्षात कोणतीही भिंत उभी नसते. मोबदल्यातून सुटलेला श्रम असे या कृतीचे वर्णन करता येईल. एस्पेन ऑर्सेथ यांनी १९९७ च्या ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात ज्या संहितांतून वाट काढण्यासाठी वाचकाला क्षुल्लक नसलेला प्रयास करावा लागतो, अशा संहितांसाठी ‘एर्गोडिक’ ही संज्ञा योजिली. ग्रीक भाषेतील ‘काम’ आणि ‘वाट’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून ती बनली आहे. तगखेळाच्या संदर्भात ती जवळजवळ शब्दशः खरी ठरते, कारण तेथे काम हीच वाट असते. मात्र ऑर्सेथ यांचा वाचक मूलतः एकटा आहे. दोन माणसे मिळून एकच संहिता चालत असतील, आणि एकाच्या वाटेवर दुसऱ्याचे काम पसरलेले असेल, तर वाचनक्रियेचे काय होते हा प्रश्न त्यांच्या चौकटीत मध्यवर्ती नाही.

साहित्येतिहासात तगखेळाचा पूर्वज शोधावयाचा तर तो डॅनिअल डिफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) या कादंबरीत सापडतो. फुटलेल्या जहाजातून आणलेल्या वस्तूंची यादी, दिवसांची नोंद, कुंपण, शेळ्या, मडकी भाजण्याचे फसलेले प्रयोग, हे सारे तगखेळाने जसेच्या तसे वारशात घेतले. परंतु एका ठिकाणी त्याने वारसा नाकारला. क्रूसोला वाळूत दुसऱ्या माणसाच्या पायाचा ठसा दिसतो तेव्हा तो भयाने गडाच्या आत पळतो. पुढे जो माणूस त्याला लाभतो त्याला तो नाव देतो आणि नोकर करतो. म्हणजे क्रूसोच्या बेटावर दुसरा माणूस एकतर धोका असतो किंवा गडी असतो, आणि तोही या शब्दाच्या केवळ दुसऱ्या अर्थाने. दोघांच्या तगखेळात ठसा दिसला की जीव भांड्यात पडतो : जोडीदार येथून गेला आहे, जवळच असला पाहिजे. येथे फ्रायडेला नोकरीतून मुक्त करून बरोबरीने बसवले आहे. अडीचशेहून अधिक वर्षे एकाकी पुरुषार्थाची कथा म्हणून वाचल्या गेलेल्या आकृतिबंधात या प्रकाराने घडवून आणलेला हा बदल दुर्लक्षिण्याजोगा नाही.

३

हा बदल संवादांतून किंवा उपदेशातून नव्हे, नियमांतून घडतो. तगखेळात नियम हीच शैली असते; म्हणून त्याचे शैलीविचारात्मक वाचन नियमांपासून सुरू करावे लागते.

माइनक्राफ्टमधील एक पूर्ण दिवस वीस मिनिटांचा असतो. अंधार पडताच भुतेखेते उगवू लागतात. खाट करून निजले म्हणजे रात्र क्षणात सरते. मात्र एकत्र खेळताना मूळ नियम असा की जगातील सर्व गडी निजल्याशिवाय रात्र सरत नाही. एकजण खाणीत खोल अडकला असेल तर दुसरा खाटेवर पडून वाट पाहत राहतो. या लहानशा नियमातून सहजीवनाचे एक आख्यानच उभे राहते. ‘आलास का?’, ‘येते, एवढे लोखंड काढून’, ‘बाहेर उजाडायला आले’ असे जे बोलणे त्या सात-आठ मिनिटांत होते ते कोणत्याही लेखकाने लिहिलेले नसते. तरीही नियमाने त्याची जागा तयार ठेवलेली असते. संहितेत वाचकासाठी सोडलेल्या रिकाम्या जागांची चर्चा ग्रहणसिद्धान्ताने पुष्कळ केली आहे. तगखेळातील रिकामी जागा वाचक एकट्याने भरत नाही. ती दोघांच्या बोलण्याने भरते.

डोंट स्टार्व्ह टुगेदर या खेळाची रचना अधिक कठोर आहे. त्यात प्रत्येकाला तीन मापे सांभाळावी लागतात : भूक, प्रकृती आणि मनाचा तोल. उजेड नसेल तर अंधारच मारतो. येथे दोघांच्या अर्थकारणाचे दोन नियम एकमेकांविरुद्ध काम करतात. शेकोटी एक असली तरी दोघांना पुरते. अन्न मात्र प्रत्येक तोंडाला वेगळे लागते. उजेड वाटला तर कमी होत नाही, भाकरी वाटली तर होते. संसाराच्या अर्थशास्त्राचे इतके नेटके सूत्र नियमाच्या भाषेत क्वचितच मांडले गेले असेल. एक गडी मेला तर त्याचे भूत होते, आणि ते भूत जवळपास वावरत असताना जिवंत गड्याच्या मनाचा तोल ढळत जातो. त्याला परत आणण्याचा एक उपाय म्हणजे थोडे गवत, कोळ्याची एक ग्रंथी आणि स्वतःच्या प्रकृतीतील चाळीस अंश देऊन एक हृदय घडवणे. परत आलेला गडीही पूर्ववत राहत नाही. त्याच्या प्रकृतीची कमाल मर्यादा खाली आलेली असते.

मराठी वाचकाला येथे सावित्रीची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्यापेक्षा भेद महत्त्वाचा आहे. सावित्री नवऱ्याचे प्राण यमाशी वाद करून, वाणीच्या बळावर मिळवते. तिच्या कथेत पत्नीने पतीला परत आणावे ही एकच दिशा संभवते, आणि वटपौर्णिमेच्या आचाराने ती दिशा कायम केली आहे. खेळातील हृदय कोणीही कोणासाठी घडवू शकतो. त्याची किंमत व्रतात किंवा पुण्यात नव्हे, तर देणाऱ्याच्या अंगातून वजा होणाऱ्या आकड्यात मोजली जाते. आणि ती किंमत मोजल्यावर हिशेब पुरा होत नाही : जो परत आला तो दुबळा आहे, जो देऊन बसला तोही दुबळा आहे, आणि हिवाळा यावयाचा आहे. सोबतीची ही गद्य, आकडेवार बाजू भावकवितेने सहसा टाळली आहे.

रसविचाराच्या दृष्टीने येथे एक अडचण उभी राहते. भट्टनायकाने सांगितलेल्या आणि अभिनवगुप्ताने आपल्या रीतीने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या व्यापारात भाव हा ‘माझा’ही राहत नाही आणि ‘परक्याचा’ही राहत नाही, अशा व्यक्तिनिरपेक्षतेशिवाय भयाचा भयानक रस होत नाही. तगखेळातील भय मात्र निश्चितपणे कोणाचे तरी असते. आपली शेकोटी विझत आली आहे, आपले अन्न सरले आहे. ते लौकिक भय नव्हे, कारण प्राणावर बेतत नाही. ते आस्वाद्य भयही नव्हे, कारण तातडीने काही करावे लागते. या अवस्थेचे वर्णन करण्यास मराठीचे एक सर्वनाम उपयोगी पडते. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. संस्कृतातील द्विवचन मराठीने सोडले, पण बोलणारा आणि ऐकणारा यांना एकत्र बांधणारे हे ‘आपण’ राखले. कादंबरी प्रथमपुरुषी असते किंवा तृतीयपुरुषी. दोघांचा तगखेळ ‘आपण’ या सर्वनामात निवेदिला जातो. त्यातील भय ‘माझे’ नाही, ‘परक्याचे’ नाही, आणि सर्वांचेही नाही. ते आपल्या दोघांचे आहे. साधारणीकरणाचा हा सर्वांत लहान घटक म्हणता येईल.

४

आता हा प्रकार राळेगावला नेऊन पाहावयाचा. तालुक्याचे मुख्य पीक कापूस. जोडीला तूर आणि सोयाबीन. टोकणी, निंदण आणि वेचणी ही कापसाची कामे मुख्यतः बायांची. वखर-डवऱ्याची आणि फवारणीची गड्यांची. ‘गडीमाणूस’ म्हणजे पुरुष हा अर्थ याच विभागणीतून दृढ झाला असावा. वेचणीची मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर मिळते. तगखेळातील साठ्याला लिंग नसते. लाकूड कोणी तोडले याची नोंद पेटीत राहत नाही. वावरात ती राहते, आणि बाईच्या वाट्याला तिच्या कामाच्या मानाने ती कमी येते. खेळाने येथे केलेली सुधारणा काल्पनिक असली तरी तिचे मूल्य नाकारण्याचे कारण नाही; काय असावे हे दाखविणे हेही कल्पिताचे काम आहे.

मात्र खेळाने आणखी दोन सुधारणा केल्या आहेत, आणि त्या इतक्या निरुपद्रवी नाहीत. पहिली कष्टाच्या फळाविषयी. तगखेळाच्या शेजारचा एक प्रकार म्हणजे शेतीचा खेळ. एरिक बॅरोन या एकट्या कर्त्याने घडवलेला स्टारड्यू व्हॅली (२०१६, एकत्र खेळण्याची सोय २०१८ पासून) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यात बियाणे ठरलेल्या दिवसांत पिकते. बुजगावणे उभे केले की त्याच्या टप्प्यात कावळा येत नाही. घरातल्या टीव्हीवर सांगितलेले उद्याचे हवामान खरे ठरते. माल पेटीत टाकला की रात्रीतून ठरलेल्या भावाने पैसे जमा होतात. कितीही माल आणला तरी भाव पडत नाही. महाराष्ट्रात १९७२ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे बंद पडलेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेकडून शेतकऱ्याने जे अपेक्षिले होते ते या पेटीने पुरे केले आहे : हमखास गिऱ्हाईक, ठरलेला भाव, रोकड चुकारा. राळेगावच्या शेतकऱ्याच्या वाट्याला याउलट मृग कोरडा गेल्यावरची दुबार पेरणी येते, आणि बाजारात कापूस आला की उतरणारे भाव येतात. २००२ मध्ये परवानगी मिळालेले बीटी बियाणे बोंडअळीपासून सुटका म्हणून आले. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने त्याच बियाण्याचा विदर्भातील कापूस पोखरला, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या अवजाराने पीक राखावयाचे त्यानेच राखणारा मरावा, असा नियम कोणत्याही तगखेळात नाही. असता तर खेळणाऱ्यांनी तो सदोष म्हणून परत केला असता.

दुसरी सुधारणा रात्रीविषयी. खेळातील रात्र नियमाने येते आणि नियमाने जाते. राळेगाव-पांढरकवडा परिसरात २०१६ ते २०१८ या काळात जी रात्र होती तिचा नियम कोणाला ठाऊक नव्हता. वनविभागाच्या लेखी ‘टी-१’ आणि बाहेरच्या जगात ‘अवनी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या वाघिणीशी सुमारे दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला. तिला दोन बछडे होते. तिला बेशुद्ध करून पकडावे, ते न साधल्यास ठार करावे या आदेशाविरुद्ध प्राणिप्रेमी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात ती गोळीने मारली गेली, आणि त्या मारण्याच्या रीतीवर पुढे देशभर वाद झाला.

त्या दोन वर्षांत एकट्याने वावरात जाणे हे धाडस ठरले होते. सोबत ही तेव्हा भावनेची नव्हे, तर जिवाची गरज होती. निंदणाला वाकलेल्या बाईच्या पाठीमागे कोणीतरी उभे राहून पाहत असले पाहिजे, म्हणजे एका मजुरीच्या कामाला दोन माणसे लागणार. एरवीही या पट्ट्यात रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी रात्री जागल करावी लागते. येथे खेळ आणि वावर यांतील भेद एका वाक्यात सांगता येतो : माइनक्राफ्टमध्ये सर्व निजल्याशिवाय रात्र सरत नाही, राळेगावात कोणी जागे राहिल्याशिवाय ती सरत नाही. पहिल्या नियमात विश्वास आहे, दुसऱ्यात पाळी आहे. आणि वाघिणीच्या बाबतीत हेही लक्षात घेतले पाहिजे की खेळातील जनावर गड्याला मारण्यासाठीच उत्पन्न केलेले असते. त्याला बछडे नसतात, आपले असे जंगल नसते, त्याच्या बाजूने कोणी न्यायालयात जात नाही. राळेगावच्या रात्रीत तग धरणारे दोन पक्ष होते. तगखेळ दुसऱ्या पक्षाला तग धरण्याचा हक्क देत नाही.

५

या ठिकाणी तगखेळ वास्तवाशी बेइमान आहे असा निष्कर्ष काढून थांबणे सोपे आहे, आणि ते उथळ ठरेल. वास्तवाशी जुळते की नाही या कसोटीवर कोणताच रूपबंध टिकत नाही. विचारावयाचा प्रश्न असा की एखादा रूपबंध कोणती गोष्ट निश्चित धरतो आणि कोणती अनिश्चित सोडतो. आशयाची खरी जागा त्याने अनिश्चित सोडलेल्या गोष्टीत असते.

तुलनेसाठी वऱ्हाडच्या मातीतील दोन कादंबऱ्या घेता येतील. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही दोघांच्या तग धरण्याचीच कथा आहे. किंबहुना दोघांच्या तग धरण्यात एकच जण राबत असल्याची कथा आहे. कौतिक एका हाताने संसार उभारू पाहते आणि महादेवाची नाकर्ती सोबत तो दुसऱ्या बाजूने खचवत राहते. पोटाची चिंता आणि जोडीदाराची चिंता ही तेथे वेगळी काढता येत नाही. एक दुसरीला वाढवते. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) शिकलेला एकनाथ आणि त्याची पत्नी अलका यांच्यातील तेढ ही शेती तोट्यात जाण्याच्या प्रक्रियेचाच एक भाग आहे. ते दोघे स्वभावाने वाईट नाहीत. पण पाऊस, भाव आणि कर्ज यांनी त्यांच्यातील शब्दांना धार आणली आहे. या दोन्ही कादंबऱ्यांत निसर्ग-बाजार अनिश्चित आहे आणि जोडीदारही अनिश्चित आहे. दोन अनिश्चिती एकमेकींत मिसळल्यामुळे कोणाचे चुकले हे शेवटपर्यंत सांगता येत नाही, आणि ते सांगता न येणे हाच त्यांच्या करुणेचा उगम आहे.

तगखेळाने यांतील एक अनिश्चिती काढून टाकली. त्याचा निसर्ग कठोर असेल, पण तो नियमाने वागतो. तो शिकता येतो. अनिश्चित उरतो तो फक्त जोडीदार : तो सरपण आणील का, सांगितलेल्या वेळी परतेल का, शेवटचे अन्न स्वतः खाईल की पेटीत ठेवील, चूक झाल्यावर हसेल की बोलेल. बाकी सारे स्थिर ठेवून एकाच घटकाला हलू देण्याची ही रीत प्रयोगशाळेची आहे. दोघांचा तगखेळ ही सहजीवनाची प्रयोगशाळा आहे, आणि त्याचे कलामूल्य येथेच आहे. जे संसारात पाऊस, सासर, पगार आणि आजार यांच्या गर्दीत दिसत नाही ते येथे उघडे पडते : कामाची अबोल वाटणी कशी ठरते, कोण साठवतो आणि कोण उधळतो, कोण घर सोडून दूर जाऊ इच्छितो आणि कोण भिंतीत आणखी एक विटेचा थर चढवतो. पूर्वी हे पाहण्याची सोय भातुकलीने केली होती. ‘मांडणे’ हे एकच क्रियापद मराठी भाषा डावाला, चुलीला आणि संसाराला लावते ते उगाच नव्हे. भातुकली मात्र येणाऱ्या संसाराची रंगीत तालीम होती, आणि त्यात कोणी काय करावयाचे हे आधीच ठरलेले असे. तगखेळ चालू संसाराशेजारी मांडलेला दुसरा संसार आहे. त्यात वाटणी नव्याने ठरवता येते.

परंतु याच रचनेत तिचा धोकाही आहे. निसर्ग नियमाने वागत असेल तर प्रत्येक मरणाला गड्याची चूक हे कारण मिळते. शेकोटीला लाकूड घातले नाही म्हणून मेला. हिवाळ्याआधी साठा केला नाही म्हणून मेला. खेळात हे न्याय्य आहे, शिकण्याची अटच ती आहे. पण खेळातून उठलेला वाचक हीच कारणमीमांसा घेऊन वावराकडे पाहू लागला तर ती न्याय्य राहत नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर ‘नियोजन चुकले’, ‘लग्नात खर्च केला’, ‘जोडधंदा केला नाही’ असे जे बोलले जाते त्यात हाच नियम गृहीत असतो : जग नियमाने वागते, म्हणून जो हरला त्याचेच चुकले असणार. ही समजूत तगखेळाने निर्माण केलेली नाही. ती त्याहून फार जुनी आहे आणि नीतिकथांपासून सरकारी पत्रकांपर्यंत वावरत आली आहे. तगखेळाने तिला एक सुखद, देखणे आणि पुनःपुन्हा अनुभवता येणारे रूप मात्र दिले. ज्याला विचारप्रणाली म्हणतात ती बहुधा अशीच वावरते : प्रतिपादनातून नव्हे, नियमातून.

६

मराठी समीक्षेने या प्रकाराकडे पाहावयाचे तर दोन टोके टाळावी लागतील. पोरांचा वेळखाऊ चाळा म्हणून त्याची उपेक्षा करणे हे एक. नव्या तंत्राची नवी कला म्हणून त्याचे कौतुक करीत राहणे हे दुसरे. दोन्हीकडे नियम वाचले जात नाहीत. नाटकाच्या अभ्यासकाने प्रयोग पाहावा तसे खेळाच्या अभ्यासकाने नियम चालताना पाहिले पाहिजेत, आणि ते चालतात दोन माणसांमध्ये. म्हणून येथे केवळ संहितेची किंवा केवळ वाचकाची समीक्षा पुरेशी नाही. त्या दोघांच्या मधल्या व्यवहाराची समीक्षा लागेल.

त्यासाठी लागणारी संज्ञा मराठी शेतकऱ्याच्या व्यवहारात पूर्वीपासून आहे. एकाने दुसऱ्याच्या शेतात राबावे आणि त्याने त्याची परतफेड आपल्या अंगमेहनतीने करावी, पैशाचा व्यवहार मध्ये येऊ नये, या रीतीला ‘सावड’ म्हणतात. सावडीत हिशेब असतो, पण तो मजुरीचा नसतो. त्यात उपकार असतो, पण तो मिंधेपणाचा नसतो. राबणारा तेथे गडी असतो आणि सवंगडीही असतो. दोघांचा तगखेळ ही सावडीची कला आहे असे म्हटले म्हणजे तिचे स्वरूप आणि तिची मर्यादा दोन्ही नेमकी सांगता येतात. सावड माणसांत होते. पावसाशी, बोंडअळीशी, बाजाराशी ती करता येत नाही. तगखेळाने पहिली गोष्ट जिवंत करून दाखवली आणि दुसरी नजरेआड केली. ‘धग’ने दुसरी सोडली नाही, आणि पहिली नसेल तर काय होते हे कौतिकच्या वाट्याला आलेल्या एकटेपणातून दाखवले.

खेळगडी पडदा मिटवून उठतो तेव्हा त्याच्या हाती पीक नसते. असलीच तर शेजारी बसलेल्या माणसाविषयीची थोडी नवी माहिती असते. सालगड्याचे साल मात्र पाडव्यापर्यंत चालायचे असते, आणि मधला खरीप नियमाने येईलच असे नसते. या दोन गड्यांना एका शब्दात बांधून भाषेने जी शक्यता राखून ठेवली आहे तिचा अर्थ लावताना त्यांच्यातील हे अंतर पुसले जाऊ नये. तगखेळावर लिहिणाऱ्या समीक्षेने या कसोटीला उतरले पाहिजे.